जोड जर्मनीचा, पाट आमचा

इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. एक तारेचे तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से मात्र माझ्याच डोक्यात पडून आहेत, आणि खरं सांगू का, आठवले की हसू यायच्या आधी मला आजही रागच येतो! लोक म्हणतात, "वहिनी, काय मजा असेल हो तुमच्या दुकानात!" मजा? आधी ऐका, मग बोला.

दुकान इंदूरच्या राजवाड्याजवळ आणि घर छत्रीबागेत. आमचे हे वायरिंगचे कॉन्ट्रॅक्टर. हे बाहेर कामावर, मी काउंटरवर. मदतीला रामेश्वर नावाचा एक जुना वायरमन. पक्कड कमरेला, विडी कानावर आणि स्वतःच्या हातांवर जगावेगळा विश्वास. दोन तारा घ्यायच्या, पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची आणि म्हणायचं, "हाथ का जोड़ है भाभीजी, सात जनम नी खुलेगा!" पुढच्या महिन्यात त्याच घरून निरोप यायचा की दिवा फडफडतोय.

त्यात बाजारातून तांब्याची तार गायब झाली आणि ॲल्युमिनियमची आली. ॲल्युमिनियम मऊ. आज घट्ट पिळलं तर थोड्या दिवसांत सैल पडतं, सैल पडलं की तापतं, तापलं की वरची टेप वाळून सुटते. हे मला काउंटरवर बसून कळत होतं. यांना आणि रामेश्वरला भिंतीवर चढूनही कळत नव्हतं!

मी एकदा बोलले तर रामेश्वर मलाच समजावायला लागला. मध्य प्रदेश होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि राजधानी भोपाळला गेल्याचा राग इंदुरात अजून ताजा होता. तो म्हणाला, "भाभीजी, चार टुकड़े मरोड़ के पूरा राज्य बना दिया, ऊपर से टेप मार दी. चल रिया है कि नी? फिर अपना तो दो तार का मामला है!"

यावर हे खो खो हसले. कॉन्ट्रॅक्टर हसला की वायरमनला सुधारायचं कोणी?

*

आता आमच्या घरची गोष्ट. शहरभर वायरिंग करणाऱ्या माणसाच्या घरात देवघराचं बटण शॉक द्यायचं! जुनं पितळी झाकणाचं बटण. त्याच्या मागे लाकडी खोक्यात रामेश्वरच्या हातचा सात जन्मांचा जोड. टेप सुटली की तार झाकणाला टेकायची, आणि बोट लावलं की कोपरापर्यंत झिणझिण्या.

यावर आमच्या कॉन्ट्रॅक्टर साहेबांनी काय उपाय काढला असेल? बटणाखाली एक लाकडी पाट ठेवला! "लाकडातून करंट जात नाही. पाटावर उभं राहायचं, बटण दाबायचं. झालं!" झालं म्हणे! वर दर दोन-तीन महिन्यांनी टेप बदलायची आणि मला ऐकवायचं, "अगं, सगळं नव्याने करू एकदा. जरा सवड मिळू दे."

माझ्या सासूबाईंनी पाटाची ही रीत अशी उचलली, जणू त्यांच्या सासऱ्यांच्या दरबारी नोकरीपासून चालत आली होती. सासूबाई म्हणजे कडक सोवळं. पहाटे अंघोळ करायच्या आणि ओलेत्यानेच देवघरात जायच्या. ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकतंय, पाय ओले, हात ओले, आणि तशाच पाटावर चढून त्या पितळी बटणाला बोट लावायच्या. पाट लाकडाचा होता हो, पण ओला पाट काय कामाचा? रोज पहाटे मी अंथरुणात डोळे मिटून कान देऊन पडायची. बटणाचा खटका ऐकू आला, पाठोपाठ त्यांचं स्तोत्र सुरू झालं, की मग माझ्या जिवात जीव यायचा. सासू-सुनेचं आमचं फार गोड होतं असं नाही. पण ती बाई अशी उभ्या उभ्या जावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

हे मात्र घोरत असायचे.

*

त्या पाटामुळे आमची गल्लीत शोभा झाली ती वेगळीच. हळदीकुंकवाला नवीन बिऱ्हाडातल्या एक बाई आल्या होत्या. संध्याकाळ झाली, त्या नेमक्या देवघराजवळ उभ्या होत्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "दिवा लावा हो तेवढा. आणि पाटावर उभ्या राहा बरं का!"

बाई पाटावर उभ्या राहिल्या. दिवा लावला. मग पदर नीट केला, दोन्ही खांद्यांवरून घेतला, पूर्वेकडे तोंड केलं आणि तशाच उभ्या. आम्ही सगळ्या बघतोय. शेवटी त्याच लाजत म्हणाल्या,

"ओवाळताय ना?"

मी सरळ निरांजन आणलं आणि ओवाळलं. कॉन्ट्रॅक्टरच्या घरात दिव्याच्या बटणाला शॉक आहे, हे सांगण्यापेक्षा ते बरं.

*

माझे धाकटे दीर वसंताभावजी तेव्हा जर्मनीला एका कारखान्यात शिकायला गेले होते. त्यांनी कोणाबरोबर तरी एक पाकीट पाठवलं. आत बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या डब्या, म्हणजे तारा जोडायचे कनेक्टर. एका बाजूला बारीक भोकं, बस. सोबत चार ओळी होत्या : तार सोलायची, भोकात सरळ खुपसायची, आतली स्प्रिंग धरून ठेवते. पीळ नको, पेच नको, टेप नको.

मी तिथेच काउंटरवर ॲल्युमिनियमच्या दोन तारा सोलून खुपसल्या आणि ओढून पाहिल्या. सुटेनात! उघडी तार कुठे दिसतसुद्धा नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर लगेच देवघराचं बटण आलं. मी म्हटलं, "पहिली डबी घरी लावायची."

"हो हो, लावू," हे म्हणाले.

रामेश्वरने डबी उलटीपालटी केली, कानाशी नेऊन हलवली. "इसमें पेच कां है? जिसमें पेच नी, उसका भरोसा कई?" तरी यांनी त्याला एका कामावर चार डब्या देऊन पाठवलं. संध्याकाळी परत आला तो घाम पुसत. "भैयाजी, जर्मनी वालों ने छेद छोटे बनाए. जोड़ अंदर जातो ई नी!"

आम्ही जाऊन पाहिलं. पठ्ठ्याने आधी दोन्ही तारा नेहमीसारख्या पिळून जोड केला होता, आणि मग तो जाडजूड पीळ एकाच भोकात घालायला धडपडत होता! एक डबी हातोडीने ठोकून फुटलेली. बाकीच्या तिन्हींत तारा शेवटी यांनी नीट खुपसल्या. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच यांनी खिशातून काळी टेप काढली आणि तिन्ही डब्या जाड गुंडाळल्या.

"अहो, टेप कशाला?"

"नुसतं कसं सोडायचं? उघडंबोडकं दिसतं ते!"

*

पण खरा कहर केला सराफ्याजवळच्या कापडवाल्या शेटजींनी. त्यांच्या बैठकीत यांनी एक डबी लावली आणि भिंतीवरच्या लाकडी खोक्यात बंद केली. शेटजी खवळले. "भिया, जर्मनी से आई चीज को डब्बे में बंद कर दी? दिखेगी कैसे?"

झालं! खोकं काढलं. डबी उघड्यावर, शेटजींच्या वडिलांच्या तसबिरीशेजारी, लाकडी पट्टीवर दिमाखात. आला-गेला पाहायचा. शेटजी पायजमा सावरत उठायचे, तारेला हलकेच हात लावून म्हणायचे, "खींच के देखो. नी निकलेगी!" येणारा-जाणारा प्रत्येक जण तार ओढून जायचा.

आठवडाभरात समोरचे शेटजी दुकानात हजर. "हमारे यहाँ भी एक जर्मन जोड़ लगा दो." हे जाऊन पाहून आले, तर त्यांच्या बैठकीत वायरिंग अगदी नवी. खांबापासून पंख्यापर्यंत तार अखंड, कुठे जोडच नाही! मी म्हटलं, "सुटलो. जिथे जोड नाही, तिथे कनेक्टर लावायचा कुठे?"

हे दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन गेले, बरोबर शेटजींच्या गादीसमोर ती चांगली अखंड तार कापली, आणि मध्ये कनेक्टर लावून आले!

मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. हे म्हणतात कसे, "अगं, गिऱ्हाईक खूश झालं ना!" आणि माझं देवघर? "हो हो, लावू."

*

विजेच्या ऑफिसातून तपासणीला एक साहेब आले होते. एका गिऱ्हाइकाचं नवीन घर, नवीन मीटर. त्यांना ही डबी पसंत नव्हती. "पेच नहीं, टाँका नहीं, ये जोड़ पास कैसे करूँ?" हे म्हणाले, "साहेब, ओढून पाहा की!"

साहेब अंगाने भक्कम. त्यांनी तार धरली आणि ओढली. सुटली नाही. त्यांना तो अपमान वाटला असावा. बाही वर केली, पाय भिंतीला लावला आणि असा हिसका दिला, की लाकडी पट्टी खिळ्यांसकट उपटली, गिलाव्याचा हातभर पापुद्रा खाली आला, आणि साहेब त्या सगळ्यासकट जमिनीवर बसले. चुन्याने पांढरेफटक. हातात तार, तारेला डबी, डबीच्या दुसऱ्या बाजूला दुसरी तार. जशीच्या तशी!

घरमालक डोक्याला हात लावून उभा. साहेब उठले, पँट झटकली आणि गंभीरपणे निकाल दिला,

"जोड़ पास. दीवार फेल!"

भिंत कोणी भरून द्यायची यावर पुढे जे भांडण झालं, ते मात्र पास-फेल काही न होता वर्षभर चाललं.

*

गणपतीत रामेश्वरने गल्लीच्या मांडवाचं काम घेतलं. मांडवाच्या माळांची तार मऊ, आत केसासारखे बारीक धागे. ते भोकात शिरेनात, वाकून बाहेर येत. मी बजावलं होतं, "ही डबी कडक, सरळ तारेसाठी आहे. माळांना लावू नकोस." पण दुकानातली बाई सांगतेय म्हटल्यावर कोण ऐकतंय!

संध्याकाळी आरतीला गेले, तर माळा झगमगत होत्या. रामेश्वर छाती काढून उभा. "देखी भाभीजी? घुसी कि नी?"

"कशी घातलीस?"

"काड़ी लगा के!"

त्याने काडेपेटीतली काडी घेतली होती, तारेचे धागे तिच्याभोवती गुंडाळले होते आणि काडीसकट भोकात खुपसले होते! मी म्हटलं, "अरे, लगेच काढ ते!" तेवढ्यात वर फुस्स झालं. मखराच्या कोपऱ्यात पिवळा जाळ, मागोमाग धूर. आरती थांबली, कोणी घंटा टाकून पळालं, आणि कोणीतरी प्रसादाच्या पंचामृताचं पातेलं वर फेकलं. फ्यूज उडाला म्हणून बरं. देवाने स्वतःचा मांडव स्वतःच सांभाळला, दुसरं काय!

मी रामेश्वरला सगळ्यांसमोर झाडला. लाकडाची काडी घालायची ती घालायची, निदान तिचं गुलाचं डोकं तरी तोडायचं!

यावर तो अगदी मनापासून म्हणाला, "भाभीजी, डोको तोड़ देतो तो काड़ी छोटी पड़ जाती."

*

इकडे पाकीट आटत चाललं होतं. रोज कोणी ना कोणी महत्त्वाचं गिऱ्हाईक. डॉक्टर, वकील, शेटजींचे व्याही. मी आठवण केली की "हो हो, लावू." एकदा मी एक डबी दुकानातून उचलून घरी आणली आणि यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ती वकिलांच्या ओसरीत! मग मात्र मी शेवटची डबी हळूच काढली आणि स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीत लपवली. आमच्या घरात हिंगाच्या डबीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नाही.

शोधाशोध झाली. रामेश्वरवर आळ आला. मी भाजी फोडणीला टाकत गप्प राहिले. या घरातली एक डबी तरी या घरातच राहणार होती!

त्याच सुमारास एकदा पहाटे खटका ऐकू आला आणि स्तोत्र सुरूच झालं नाही. मी अंथरुणातून उठून धावले. सासूबाई पाटावर उभ्या होत्या, उजवा हात डाव्या हाताने धरून. चेहरा पांढरा. "काही नाही गं," म्हणाल्या, "जरा जास्त झिणझिणलं आज." मी यांना गदागदा हलवून उठवलं. हे आले, टेप बदलली, आणि पाटावर दुसरा पाट ठेवला!

*

आणि मग वसंताभावजी जर्मनीहून परत आले. स्टेशनवर हार, पेढे. घरी येईपर्यंत दोन्ही शेटजी वाटेत भेटले. त्यांनी बैठकीत नेऊन डब्या दाखवल्या, तारा ओढून दाखवल्या. भावजींची छाती फुगली. "वहिनी, अख्ख्या इंदूरमध्ये लागलेत की माझे कनेक्टर!"

मी म्हटलं, "अख्ख्या."

दारात त्यांनी पाय धुतले आणि तसेच ओल्या पावलांनी देवाला नमस्कार करायला आत गेले. देवघरात अंधार होता. त्यांनी बटणाला हात लावला, आणि "आई गं!" करून जे उडाले, ते थेट माझ्या तांदळाच्या पिपावर!

सासूबाई माजघरातून ओरडल्या, "अरे, पाटावर उभा राहा रे! इतकी वर्षं तिकडे काय शिकून राहिला होतास?"

भावजी पिपाला धरून बसले होते. तिथूनच म्हणाले, "दादा, मी पाठवलेले कनेक्टर?"

"संपले," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी आणली आणि यांच्यासमोर आपटली. त्या दिवशी मला काय काय बोलायचं होतं ते सगळं बोलले. पाहुण्यांसमोर, पेढे वाटणाऱ्यांसमोर, रामेश्वरसमोर. आईच्या जिवापेक्षा शेटजींची बैठक मोठी का, हेही विचारलं. रामेश्वरनेसुद्धा कानावरची विडी काढून हातात धरली.

भावजी म्हणाले, "आण दादा, मी लावतो." पण यांना ते लागलं. "कॉन्ट्रॅक्टर मी आहे! माझ्या घरचा जोड मीच करणार." फ्यूज काढला, पितळी झाकण उघडलं, मागचा सात जन्मांचा जोड कापून फेकला, तारा सोलल्या आणि खुपसल्या. पीळ नाही, टेप नाही. देवघरभर हिंगाचा वास. झाकण लावलं आणि म्हणाले, "घे! आता शॉक लागला तर नाव बदलेन."

मी दोन्ही पाट उचलले आणि माळ्यावर टाकून आले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

पहाटे सासूबाईंच्या हाकेने जाग आली. बाहेर येऊन पाहते तर त्या ओलेत्याने देवघराच्या दाराशी उभ्या, लुगड्याचं पाणी गळतंय, नजर जमिनीवर.

"पाट कुठाय गं?"

"आता नको आई. पक्का जोड झालाय. काही होणार नाही."

"कोणी केला जोड? वसंताने?"

"नाही, यांनी."

सासूबाई दारातून एक पाऊल मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "बोलव त्याला. आधी त्याला दाबू दे."

मी यांना उठवून आणलं. हे डोळे चोळत आले. "काय आई, तू पण! एवढा भरवसा नाही पोटच्या पोरावर?" म्हणत ऐटीत बटणापाशी गेले, हात उचलला, आणि बोट झाकणाला टेकणार तेवढ्यात थांबले. खाली पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"अगं, पाट कुठाय?"